नेपाळ-भूतानला स्वतःच्या गाडीने जाताय? नाक्यावर कागद कुठे अडकतात आणि का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की दिवाळीनंतर पुण्याहून गाडी काढायची, गोरखपूरवरून सुनौलीला नेपाळमध्ये शिरायचं, पोखरा-काठमांडू करून पूर्वेला काकडभिट्ट्यावरून बाहेर पडायचं आणि जमलं तर तसंच पुढे भूतान. गाडी वडिलांच्या नावावर आहे पण वडील येणार नाहीत, सोबत बायको, ६८ वर्षांची आई आणि १६ वर्षांचा मुलगा. पाच जणांना विचारलं तर पाच वेगळ्या याद्या मिळाल्या, एक एजंट म्हणतोय पैसे टाका सगळं मी बघतो, आणि आता जायचाच कंटाळा आलाय.

कंटाळा येणं मी समजू शकतो. मी बरीच वर्षं लोकांना त्यांच्या त्यांच्या गाड्यांनी या दोन्ही सीमा पार करून नेतो आणि घाटापेक्षा, थंडीपेक्षा लोक या खिडक्यांवर जास्त दमतात हे दरवेळी बघतो. इतक्या लांबून हसतखेळत आलेला माणूस शेवटच्या दोनशे मीटरमध्ये रडकुंडीला येतो. पण यातला बराचसा वैताग यामुळे होतो की कुठला कागद कशासाठी मागतायत हे कुणी सांगत नाही, नुसत्या याद्या देतात. ते एकदा कळलं की यादी पाठ करायची गरजच राहत नाही, म्हणून आधी तेच सांगतो, मग तुमच्या गाडीचं आणि तुमच्या माणसांचं.

नेपाळची सीमा आपल्यासाठी उघडी आहे हे खरंय, १९५० च्या करारापासून आपल्याला व्हिसा लागत नाही. पण ती उघडी आहे ती माणसांसाठी, गाडीसाठी नाही. गाडी ही तिकडच्या कायद्याने आयात माल आहे. नेपाळमध्ये गाड्यांवर कर इतका प्रचंड आहे की आपल्याकडची साधी हॅचबॅक तिकडे दुप्पट-तिप्पट किमतीला जाते, त्यामुळे भारतातून गाडी आणून तिकडेच विकून टाकायची ही भीती त्यांच्या कस्टमला कायम असते. तुम्ही जो कागद करता, ज्याला सगळे भन्सार म्हणतात, तो म्हणजे एवढंच की ही गाडी मी इतक्या दिवसांसाठी कर न भरता आत नेतोय आणि परत नेणार आहे, त्या दिवसांचे पैसे हे घ्या. आता या नजरेने बघा की ते काय काय विचारतात. मालक कोण, मालक हजर आहे का, चॅसिस नंबर काय, किती दिवस, कुठून बाहेर पडणार. सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, गाडी परत जाणार ना. तुम्हाला कुठे राहणार, काय बघणार हे फारसं कुणी विचारत नाही.

भूतानचं बरोबर उलटं आहे. त्यांना तुमच्या गाडीपेक्षा तुमची काळजी जास्त, किती माणसं येतायत, किती रात्री, कुठल्या हॉटेलात, कोणत्या गाईडबरोबर. पर्यटक थोडेच यावेत आणि त्यातून देशाला नीट उत्पन्न मिळावं हे त्यांचं अनेक वर्षांचं धोरण आहे आणि ते उघड उघड सांगतात. म्हणून नेपाळला गाडीची फाइल पक्की पाहिजे आणि भूतानला माणसांची. लोक हे दोन्ही एकत्र करून एकच यादी बनवतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

आता तुमच्यावर येतो. सगळ्यात आधी वडिलांच्या नावाचा प्रश्न, कारण तुमची गाडी अडली तर याच्यावर अडेल. मालक गाडीत नसेल तर अधिकारपत्र लागतं. साध्या कागदावर सही करून आणलेली चिठ्ठी कधी चालते कधी नाही, आणि चालली नाही तर पुण्याहून दुसरी मागवेपर्यंत सीमेवरच्या लॉजवर बसावं लागतं, म्हणून ते स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करून घ्या. त्यात वडिलांचं आरसीवर आहे तस्संच नाव, गाडीचा नंबर, चॅसिस आणि इंजिन नंबर, तुमचं नाव, तुमचा लायसन्स नंबर, नातं, आणि नेपाळ व भूतानला खासगी सहलीसाठी अमुक ते अमुक तारखेपर्यंत गाडी नेण्यास परवानगी देतो असं स्वच्छ लिहायचं. इंग्रजीत करा, मराठीत नको, आपल्या वकिलाला सवयीने मराठीत टाइप करायची हौस असते आणि सुनौलीच्या खिडकीवर ते वाचणारं कुणी नसतं. दोन मूळ प्रती करा, एक नेपाळला लागली तर तिथेच राहू शकते आणि भूतानच्या वेळी तुमच्याकडे काहीच उरत नाही. वडिलांच्या ओळखपत्राची त्यांच्या सहीची झेरॉक्स जोडा. बायकोही गाडी चालवणार असेल तर तिचंही नाव पत्रात घाला, हे हमखास विसरतं आणि मग वाटेत पोलिसांनी थांबवलं तेव्हा स्टेअरिंगवर भलताच माणूस निघतो.

गाडीवर कर्ज चालू असेल तर आरसीवर बँकेचं नाव असतं, अशा वेळी बँकेकडून सीमेबाहेर न्यायला हरकत नाही असं पत्र घेतलेलं बरं. दरवेळी मागतात असं नाही. पण बँकेत आधी पंधरा दिवस घालवणं आणि सीमेवर अडकणं यात पहिलं परवडतं.

आरसी मूळ न्या. मोबाईलमधली डिजिलॉकरची आरसी आपल्या ट्रॅफिक पोलिसांना चालते कारण आपल्या कायद्यात ती धरलेली आहे, तिकडच्या कस्टमवर तो कायदा लागू नाही आणि त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालायला जागाच नाही. लायसन्सचंही तेच. आपलं लायसन्स नेपाळमध्ये चालतं, इंटरनॅशनल परमिट काढत बसू नका. कार्ने, म्हणजे गाडी परत आणायची हमी देणारं कस्टमचं पुस्तक, तेही लागत नाही, ते इराण वगैरेकडे गाडी नेणाऱ्यांसाठी आहे, कुणी तुम्हाला नेपाळसाठी कार्ने काढून देतो म्हणाला तर त्याला टाळा. आणि हो, हे सगळं पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीसाठी चाललंय. पिवळ्या पाटीची टॅक्सी असेल किंवा काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची सेल्फ ड्राइव्ह असेल तर वेगळे नियम लागतात आणि भाड्याच्या गाडीला तर कंपनीची लेखी परवानगी नसेल तर सीमेच्या जवळपासही जाऊ नका.

माणसांचे कागद. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आधार कार्डाचा. आधारवर सगळं चालतं अशी आपल्याला सवय झालीय, पण नेपाळ आणि भूतानसाठी प्रौढ माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हेच दोन कागद धरले जातात. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ च्या वरच्या ज्येष्ठांना. म्हणजे तुमच्या आईंचं आधारवर निभेल, तुमचं आणि बायकोचं नाही. आणि मुलगा १६ चा, तो बरोबर मधल्या फटीत सापडलाय, आधारला मोठा आणि मतदार कार्डाला लहान. नेपाळला १५ ते १८ च्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं अशी सोय आहे, पण माझं स्पष्ट मत विचाराल तर त्याचा पासपोर्टच काढून घ्या. तुमच्याकडे अजून वेळ आहे, तो पासपोर्ट पुढे कामाला येणारच आहे आणि भूतानच्या वेळी तर त्याने डोकेदुखी एकदम कमी होते. आईंचाही जमला तर काढा. पासपोर्ट असलेल्या कुटुंबाला खिडकीवर कुणी दुसरा प्रश्न विचारताना मी क्वचितच बघितलंय.

नावातला फरक पण आत्ताच तपासा. लग्नानंतरचं नाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्यावर, आईंच्या मतदार कार्डावर वडिलांच्या नावाचं भलतंच स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी आहे. नेपाळला त्याचं फार काही होत नाही पण भूतानला ऑनलाइन अर्जात नाव एक आणि हॉटेल बुकिंगवर दुसरं असलं की अर्ज परत येतो.

आता खुद्द भन्सार. सुनौलीला आपली बाजू ओलांडली, आपल्या सशस्त्र सीमा बलाची (एसएसबी) तपासणी झाली की पलीकडे बेलहिया, तिथेच डाव्या-उजव्या हाताला कार्यालयं आहेत. दोन वेगळी कामं असतात, एक भन्सार म्हणजे कस्टमचं आणि दुसरं यातायात म्हणजे तिकडच्या रस्त्यावर गाडी चालवायची परवानगी. बरेच जण पहिलं करून खुशीत निघतात, दुसरं राहून जातं आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर पहिल्याच पोलिसाने थांबवलं की दंड भरतात. दोन्ही पावत्या हातात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. सीमेलगतच्या गावात जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय असते, सुविधा म्हणतात तिला, कुणी घाईत ती चिठ्ठी हातात ठेवली तर त्यावर पोखरा-काठमांडूला जाता येत नाही हे लक्षात ठेवा.

भन्सारचे पैसे दिवसावर असतात आणि खासगी गाडीला वर्षाला एकूण ३० दिवसांपर्यंतच हे करता येतं. दिवसाचा दर बदलत असतो म्हणून आकडा देत नाही, खिडकीवर लावलेला बघा आणि पावतीवर तेवढाच आहे का बघा. पण दिवस मोजताना काळजी घ्या. आत शिरला तो दिवस पण धरतात आणि बाहेर पडला तो पण. आपण हॉटेलच्या रात्री मोजतो, ते तारखा मोजतात. सात रात्री म्हणजे आठ दिवस. तुम्ही संध्याकाळी सहाला शिरलात तरी तो पूर्ण दिवस गेला, त्यामुळे उशीर झाला असेल तर अलीकडे नौतनव्याला किंवा गोरखपूरला मुक्काम करा आणि सकाळी पहिल्या तासात खिडकीवर उभे राहा, गर्दीही कमी आणि दिवसही वाया जात नाही.

आणि दोन दिवस जास्तीचे घ्या. लोक इथे पैसे वाचवायला बघतात आणि मला दरवेळी त्यांना समजवावं लागतं. जास्तीच्या दिवसाचे पैसे दंडापुढे काहीच नाहीत, मुदत संपलेली गाडी म्हणजे त्यांच्या लेखी कर चुकवलेला माल, आणि माफी मागून ते सुटत नाही. नेपाळच्या रस्त्यांवर तुमचा प्लॅन कितीही पक्का असला तरी डोंगराच्या मनात काय आहे सांगता येत नाही. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी पुरात आणि दरडींमध्ये काठमांडूला जाणारे सगळे मुख्य रस्ते बंद पडले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, सरकार पडलं, आपले कितीतरी पर्यटक जिथे होते तिथेच अडकले. अशा वेळी कागदावर दोन दिवस शिल्लक असले की निदान ती एक काळजी नसते. निवडणुकांचं पण बघा, आपल्याकडे उत्तर प्रदेश-बिहारला मतदान असलं किंवा तिकडे निवडणूक असली की सीमा मतदानाआधी काही तास, बहुतेक वेळा ७२ तास, सील करतात. दिवाळीनंतर लगेच निघालात तर छठची गर्दी लागेल, बिहारमधल्या रक्सौलच्या नाक्याकडे तर विचारूच नका, सुनौली त्यामानाने बरं.

मुदतीची तारीख हा आपल्या लोकांचा खास घोळ आहे. पावतीवर तारीख विक्रम संवतातली असते, म्हणजे इसवी सनाच्या साधारण ५७ वर्षं पुढे, २०८२, २०८३ अशी. ती लिपी देवनागरी असल्यामुळे मराठी माणूस ती वाचू शकतो आणि वाचता आली म्हणून कळली असं समजतो. महिन्यांची नावं पण आपलीच वाटतात, श्रावण, भाद्रपद, कार्तिक, पण त्यांचे महिने सूर्यावर चालतात, काही महिने ३२ दिवसांचे पण असतात, त्यांचा श्रावण जुलैच्या मध्यात सुरू होतो आणि त्याच दिवशी त्यांचं आर्थिक वर्षही. घरच्या कालनिर्णयशी ते जुळवायला जाऊ नका. फोनमध्ये नेपाळी तारखेचं कुठलंही कॅलेंडर टाका आणि खिडकीवरच मुदतीची शेवटची तारीख इंग्रजी तारखेत बदलून घ्या, मागच्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, अधिकाऱ्याला विचारून खात्री करा की ही तारीख धरून की सोडून. एवढं विचारलं म्हणून कुणी रागवत नाही.

आकडे पण नीट बघा. नेपाळी छपाईत ५, ८ आणि ९ यांची वळणं आपल्यापेक्षा थोडी वेगळी दिसतात, हाताने लिहिलेलं असलं तर अजूनच. गाडीचा नंबर पण ते देवनागरीत लिहितात, एमएच १२ आणि पुढची दोन अक्षरं, त्यात सीचं डी किंवा एमचं एन सहज होतं. चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे आरसीशी ताडून बघा. पावतीवरचा एक चुकीचा आकडा खिडकीवर पाच मिनिटांत दुरुस्त होतो आणि चारशे किलोमीटर आत गेल्यावर तोच आकडा म्हणजे ही गाडी ती नाहीच असा अर्थ होतो. मागे पन्नास गाड्यांची रांग असते, ड्रायव्हर लोक आरडाओरडा करतात, आपल्यालाही लाजल्यासारखं होतं, पण खिडकीसमोरून हलू नका. वाचा, ताडा, मग हला.

पैशाचं एक वाक्यात. भन्सार नेपाळी रुपयात भरायचा, दर १९९३ पासून बांधलेला आहे, आपला १ म्हणजे त्यांचे १.६०, त्यामुळे कुणी दीडच्या भावाने देत असेल तर दुसरीकडे जा. आपल्या नोटांत शंभरच्या आणि त्याखालच्या बिनधास्त चालतात, मोठ्या नोटांचे नियम मागेपुढे होत आलेत म्हणून शंभरच्या गड्ड्या न्या. क्यूआरवर यूपीआय पण आता नेपाळमध्ये बऱ्याच दुकानांत चालतं, पण सरकारी खिडकीवर त्याच्या भरवशावर उभं राहू नका.

एजंटचं विचारलंत. माझा एजंट या प्रकाराला सरसकट विरोध नाही, रांगेत उभं राहायला, फॉर्म भरायला कुणी मदत केली आणि त्याचे ठरलेले पैसे घेतले तर काही वाईट नाही, म्हातारी माणसं सोबत असली की ते सोयीचंही पडतं. पण पुण्यात बसून आगाऊ रक्कम मागणारा, कागदाशिवाय काम करून देतो म्हणणारा, मालकाच्या पत्राची गरज नाही माझी ओळख आहे म्हणणारा, यांच्यापासून लांब राहा. एका नाक्यावर मी बघितलंय, आमच्या मागच्या गाडीच्या कुटुंबाला असाच कुणीतरी भेटला, त्याने पैसे दहा दिवसांचे घेतले आणि पावती निघाली तीन दिवसांची. त्यांना ते चौथ्या दिवशी पोखऱ्याला कळलं. पावती नेपाळीत होती आणि त्यांनी ती न बघता डॅशबोर्डमध्ये ठेवली होती. बाई बिचाऱ्या फोनवर रडत होत्या. तो माणूस अर्थातच पुन्हा दिसला नाही. म्हणून मूळ आरसी आणि लायसन्स कुणाच्या हातात देऊन चहा प्यायला जायचं नाही, त्याच्यासोबत खिडकीपर्यंत तुम्ही स्वतः जायचं आणि पावतीवर जितके पैसे लिहिलेत तितकेच भन्सारचे, वरचे त्याच्या मेहनतीचे, हे आधीच बोलून घ्यायचं.

विमा. हे कुणीच विचारत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण नाक्यावर हा कागद नसला तरी गाडी सोडतात. आपल्या गाडीचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. सीमा ओलांडली की पॉलिसी हातात असून नसल्यासारखी. त्याला भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यायची सोय आहे, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढे देश त्यात येतात, आणि त्याचा जादा हप्ता मोटार टॅरिफप्रमाणे पूर्ण पॉलिसीला ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला १०० रुपये असा अगदी किरकोळ आहे. कॉल सेंटरला फोन केला तर समोरच्याला बहुतेक माहीत नसतं, तो म्हणेल सर आपली पॉलिसी ऑल इंडिया आहे. ऐकू नका, शाखेला ईमेल करा, जिऑग्राफिकल एक्स्टेन्शनचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, पाहिजे असं लिहा, आणि ते छापील घेतल्याशिवाय निघू नका. निघायच्या तीन आठवडे आधी मागे लागलात तर होतं, आदल्या दिवशी नाही होत. सोळा वर्षांच्या पोराला घेऊन तुम्ही मुग्लिंगच्या रस्त्याने जाणार, बाजूला खाली त्रिशूली नदी, समोरून रात्रीच्या बसेस. पाचशे रुपयांसाठी विम्याशिवाय तो रस्ता करू नका, हात जोडून सांगतो.

आत गेल्यावर फाइल पुढच्या सीटवर ठेवा, डिकीत नको. ट्रॅफिक पोलीस थांबवतात, भन्सार आणि यातायात दोन्ही बघतात, मिनिटभरात सोडतात. सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स ठेवा. आईंना मुक्तिनाथ करायचं असेल, आणि बहुतेक असेलच, तर गाडीच्या कागदांशी त्याचा काही संबंध नाही, तो अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा माणशी परवाना आहे, सार्क देशांच्या लोकांना १००० नेपाळी रुपये, पोखऱ्यालाच काढून घ्या. पण मुक्तिनाथला जाणारा जोमसोमकडचा रस्ता खालच्या उंचीच्या गाड्यांना त्रासदायक आहे, तिथे तुमची गाडी पोखऱ्याला ठेवून स्थानिक जीप केलेली बरी.

बाहेर पडतानाचं. तुम्ही सुनौलीला शिरून काकडभिट्ट्याला निघणार, म्हणजे वेगळा नाका, तर हे बेलहियाच्या खिडकीवर पैसे भरायच्या आधीच सांगा आणि पावतीवर तसं लिहून घ्या. आणि काकडभिट्ट्याला मेची नदीच्या पुलावर चढायच्या आधी थांबून भन्सार जमा करा, गाडी बाहेर गेली अशी नोंद करून घ्या. पूल उघडा असतो, सायकली, रिक्षा, माणसं भराभर जात असतात, कुणी हात करत नाही म्हणून लोक तसेच पलीकडे आपल्या बाजूच्या पानिटंकीला निघून येतात. मग त्यांच्या वहीत तुमची गाडी अजून नेपाळमध्येच आहे. पुढच्या वर्षी तुम्ही किंवा वडिलांकडून गाडी घेणारा दुसरा कुणी परत गेलात तर ती नोंद समोर येते. नोंद झाल्याचा फोटो काढून ठेवा.

आता भूतान, आणि इथे मी तुम्हाला तुमच्या प्लॅनपेक्षा वेगळं सांगणार आहे. पानिटंकीहून सिलीगुडी, तिथून डुआर्समधून जयगाव, पलीकडे भूतानचं फुंत्शोलिंग. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, त्यामुळे खिडकी बंद व्हायची वेळ तेवढी अलीकडे येते. कोविडनंतर २३ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी पर्यटन उघडलं तेव्हापासून भारतीयांना प्रत्येक रात्रीचे माणशी १२०० रुपये भरावे लागतात, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, ६ च्या खाली काही नाही. तुमचा मुलगा १६ चा, म्हणजे पूर्ण. फुंत्शोलिंगमध्येच राहिलात तर हे लागत नाही, पुढे पारो-थिंपूला निघालात की लागतं. परमिटचा अर्ज ऑनलाइन करता येतो, त्यात हॉटेल बुकिंग, प्रवासाचा आराखडा, ओळखपत्र, फोटो आणि गाईड घ्यावा लागत असेल तर त्याचे तपशील लागतात. पासपोर्ट असेल तर सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे, मुलासाठी जन्मदाखला पण सोबत ठेवा. आईंचं आधार कागदोपत्री चालत असलं तरी मी मतदार कार्डच दाखवतो, वाद नको. हे घरून करून निघा, जयगावला पोचून सुरुवात केलीत तर एक अख्खा दिवस जातो.

आणि गाडी. आपल्या नंबरच्या गाडीला आत न्यायचे दिवसाला ४,५०० लावलेत. तुमचा हिशोब करून बघा. चार रात्री, चार माणसं, १२०० प्रमाणे १९,२०० माणसांचे. आणि गाडीचे पाच दिवसांचे २२,५००. चार माणसांपेक्षा गाडी महाग. वर गाडीचं वेगळं परमिट, त्यासाठी परत मालकाचं पत्र, विमा, सगळी खिडकी नव्याने, आणि गाईड असेल तर त्याला बसवायला पाचवी सीट. त्यापेक्षा जयगावला चांगल्या हॉटेलच्या बंद पार्किंगमध्ये गाडी ठेवा, पावती घ्या, आणि पलीकडून भूतानी नंबरची गाडी ड्रायव्हरसकट करा. तिकडचे ड्रायव्हर घाट अतिशय सांभाळून चालवतात आणि इतक्या दिवसांच्या ड्रायव्हिंगनंतर चार दिवस खिडकीतून बाहेर बघायला तुम्हालाही मिळेल. स्वतःच्या गाडीनेच ‘चेले ला’ ही भूतानमधली खिंड चढायची फार इच्छा असेल तर करा, मी कुणाची हौस मोडत नाही, पण मग नोटरीच्या दोनच्या ऐवजी तीन प्रती करून निघा.